प्रोनला बॅरल, स्टँडिंगला स्टॉक

पन्नास मीटरची रायफल घ्यायची म्हणून माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब आधी कंपनीचं नाव विचारतं. अ‍ॅन्शुट्झ घ्यावी की वाल्थर? फाइनवेर्कबाऊ कशी आहे? स्वित्झर्लंडची ब्लायकर खरंच एवढी चांगली असते का? त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. आयुष्यात एकदाच व्हायची खरेदी, आकडा लाखांतला, त्यात परवान्याचा व्याप. माणूस नावाचा आधार शोधणारच. मी मात्र त्यांना उलट विचारते, पोरगी नीलिंगला किती मारते, प्रोनला किती आणि स्टँडिंगला किती? हे तीन आकडे माझ्या वहीत उतरल्याशिवाय मी कुठल्याही रायफलीविषयी एक शब्द बोलत नाही.

कारण रायफल निवडायची ती या तीन आकड्यांवरून. थ्री पोझिशन प्रकारात, म्हणजे गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, आता प्रत्येक पोझिशनच्या वीस गोळ्या असतात, एकूण साठ, आणि गुण ६०० पैकी. पॅरिस ऑलिम्पिकला स्वप्नील कुसाळेनं ५९० मारून अंतिम फेरी गाठली आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी शातोरूच्या रेंजवर ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. त्या दिवसानंतर आमच्या जिल्ह्यातल्या किती घरांत या खेळाची चौकशी सुरू झाली ते मी जवळून पाहिलंय. त्याआधी २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ मारून जगज्जेती झाली होती. साठ गोळ्यांत गेले फक्त तीन गुण. हे दोन आकडे मी मुलांना शेजारी शेजारी लिहून दाखवते, कारण त्यांच्यामागे रायफलीकडून असलेली अपेक्षा अगदी वेगवेगळी आहे.

लक्ष्याचं गणित एकदा समजून घ्यावं. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहाची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची, आणि पॉइंट टू टूची गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड रिंगच्या रेषेला नुसती टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटर सरकेपर्यंत आपण दहात असतो, आणि त्यापुढे दर ८ मिलिमीटरला एक गुण जातो. या एवढ्याशा जागेत दोघांचा पसारा मावायचा असतो, रायफलीचा आणि शरीराचा. या दोन पसाऱ्यांची सरळ बेरीज होत नाही, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. दोन्हींचे वर्ग घ्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि मग वर्गमूळ काढायचं. उभं राहून मारताना एखाद्या मुलीचा हात २० मिलिमीटर फिरत असेल आणि रायफलीचा पसारा ६ असेल, तर दोन्ही मिळून होतात २१ च्या आत. तिला जगातली सर्वोत्तम बॅरल दिली तरी फरक एखाद्या मिलिमीटरचाही पडणार नाही. तीच मुलगी स्लिंग लावून पोटावर झोपली की तिचा स्वतःचा पसारा ५ वर येतो. आता रायफल ६ ची असेल तर एकूण जवळजवळ ८ होतात, ३ ची असेल तर ६ च्याही आत. प्रोनमध्ये दहा आणि नऊ यांच्यातला फरक तो हाच.

म्हणून मी आमच्या रेंजवर एवढंच सांगते: प्रोनला बॅरल, स्टँडिंगला स्टॉक. पैसे कुठे घालायचे ते मुलीच्या आकड्यांवरून ठरतं.

कागलकडच्या एका गावातली मुलगी तिच्या वडिलांबरोबर आली होती. कॉलेज संपलेलं, दहा मीटर एअर रायफलमध्ये चांगली तयार झालेली, आणि आता पन्नास मीटरला यायचं ठरवलेलं. क्लबच्या रायफलीवर हंगामभर सराव केला होता. वडिलांचा ऊस, थोडं दुभतं. त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "म्याडम, बंदूक भारी पायजे बगा. पैशाचं मी बगतो." मी तिची वही मागून घेतली. प्रोनला १९५ च्या आसपास, नीलिंगला त्याच्या थोडं खाली, आणि स्टँडिंगला १८० सुद्धा मुश्किलीनं. त्यांच्या मनात नवी कोरी जर्मन रायफल होती, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्टॉकची. दुसरीकडे एक सिनियर नेमबाज आपली जुनी अ‍ॅन्शुट्झ विकत होती. तिचं अ‍ॅक्शन होतं ५४ मालिकेतलं. १९५४ पासून चालत आलेल्या या अ‍ॅक्शनवर जगभरच्या रेंजवर दशकानुदशकं पदकं मारली गेली आहेत. मी म्हटलं, आधी ही जुनी तपासू, मग बोलू.

जुनी रायफल तपासताना मी सगळ्यात आधी बॅरलचं तोंड बघते. गोळी बॅरल सोडते तो शेवटचा काठ जराही खरवडला असेल, तर गॅस एका बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. कान साफ करायची कापसाची काडी त्या काठावरून हळूच फिरवायची. कापसाचा एखादा तंतू अडकला तर तिथे खोट आहे. बहुतेक वेळा हे नुकसान गोळ्यांनी झालेलं नसतं. कुणीतरी साफसफाईचा रॉड पुढून घातलेला असतो, त्यानं झालेलं असतं. रॉड मागून, गाइड लावूनच घालायचा, हे मी मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते आणि त्यात कुणालाही सूट देत नाही. मग चेंबरच्या पुढचा भाग पाहायचा. तिथे कार्बनचं कडं साचतं आणि नुसत्या ब्रशनं जात नाही. बोल्ट, फायरिंग पिन, ट्रिगर हे पाहायला लागतंच, पण ते दुरुस्त होतं, बदलता येतं.

यानंतर सुरू होतो खरा दिवस, लॉट तपासण्याचा.

काडतुसांच्या डबीवर एक लॉट क्रमांक असतो. डबीवरचं नाव तेच, किंमत तीच, रंग तोच, पण क्रमांक बदलला की तुमच्या बॅरलसाठी ते वेगळंच काडतूस असतं. पॉइंट टू टूच्या काडतुसात प्राइमर कडेच्या रिममध्ये भरलेला असतो. रिमची जाडी, प्राइमरची मात्रा, गोळीवरचं मेण, शिशाचा आकार, या सगळ्यांत केसाएवढा फरक पडतो आणि बॅरलला तो जाणवतो. इंग्लंडची एली असो, फिनलंडची लापुआ की जर्मनीची आरडब्ल्यूएस, त्यांची सर्वात महागडी काडतुसंसुद्धा प्रत्येक बॅरलला चालतीलच असं नाही. म्हणूनच या कंपन्यांनी चाचणीच्या रेंज उभारल्या आहेत. एलीची बर्मिंगहॅमजवळ, लापुआची जर्मनीत श्योनेबेकला. नेमबाज आपली बॅरल घेऊन तिथे जातो, ती शिकंज्यात आवळतात, एकामागून एक लॉट मारून पाहतात आणि जो जुळेल तो तो विकत घेतो. आपले मोठे नेमबाज युरोपात स्पर्धेला गेले की वेळ काढून हे करून येतात.

आमच्याकडे तसा शिकंजा नाही. आम्ही पहाटे, वारा उठायच्या आत बसतो. रायफलीवर टेलिस्कोप लावायची, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या ठेवायच्या आणि सगळ्यात स्थिर हाताच्या मुलाला झोपवायचं. ज्याची रायफल त्याला मी मुद्दाम झोपवत नाही, कारण त्याच्या मनात आशा असते. एका लॉटवरून दुसऱ्यावर जाताना सुरुवातीच्या काही गोळ्या मोजायच्याच नाहीत, कारण बॅरलमध्ये आधीच्या काडतुसाच्या मेणाचा थर असतो आणि नवा थर बसायला थोड्या गोळ्या जाऊ द्याव्या लागतात. आणि प्रत्येक लॉटच्या किमान चाळीस गोळ्या मारायच्या. यावर माझा हट्ट असतो. दहा गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप काहीच सिद्ध करत नाही. दहा गोळ्या योगायोगानंही एका भोकात जातात, आणि त्या कागदाचा फोटो काढून लोक रायफल विकतात. चाळीस गोळ्यांत मात्र फटकून गेलेली एखादी गोळी दिसतेच, आणि मला तीच बघायची असते.

त्या जुन्या अ‍ॅन्शुट्झवर आम्ही चार लॉट मारले. त्यांतला सगळ्यात महाग लॉट सगळ्यात वाईट गेला, दर दहांतली एखादी गोळी नवात. दोन मध्यम. चौथा, किमतीनं मधला, असा गेला की चाळीसही गोळ्या दहाच्या आत, आणि त्याही एका बाजूला न झुकता गोल. वडील माझ्यामागे उभे राहून स्क्रीन बघत होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे बंदूक तीच, आन् गोळी बदलली की फरक पडतोय?" मी म्हटलं, तुम्ही आत्ता डोळ्यांनी बघितलंत. त्या घटकेला त्यांच्या डोक्यातून कंपनीचं नाव गेलं आणि ते नीट हिशोबाला बसले.

हिशोब सोपा होता. नव्या रायफलीत सगळे पैसे घातले असते तर गोळ्यांसाठी काही उरलंच नसतं. मग दर दोन महिन्यांनी मिळेल त्या लॉटच्या दोन-चार डब्या आणायच्या, आणि स्पर्धेत नऊ आला की तो आपला की काडतुसाचा हे कधीच कळायचं नाही. मला सर्वात जास्त भीती या न कळण्याची वाटते. ज्या नेमबाजाला आपल्या रायफलीवर शंका आहे, तो आपली चूक कधी शोधतच नाही. त्याला प्रत्येक नवासाठी सबब मिळते. आणि रायफल खरी असूनही शंका असेल, तर तो नसलेली चूक दुरुस्त करायला जातो आणि चांगली चाललेली पोझिशन मोडतो. तपासलेली बॅरल आणि जुळलेला लॉट हातात असला की नऊ कुणाचा, हा वाद संपतो. नऊ तिचा. मग सरावाला अर्थ येतो. त्यांनी जुनी रायफल घेतली आणि त्या चौथ्या लॉटच्या, मिळतील तेवढ्या पेट्या घेतल्या. एका पेटीत पाच हजार.

आता स्टॉकचं. स्टँडिंगचे तिचे १८० बॅरलनं वाढणार नव्हते, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं.

आधी डोळा. उजव्या हाताच्या किती तरी मुलांचा प्रबळ डोळा डावा असतो. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायची, दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी तिच्यातून पाहायची, आणि मग एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना वस्तू खिडकीतच राहते तो प्रबळ. पन्नास मीटरला यायच्या आधीच हे ठरलेलं असावं, कारण डाव्या हाताची रायफल शोधणं आपल्याकडे आणखी अवघड. या मुलीचा डोळा उजवाच निघाला.

मग शरीर. उभं राहून मारताना रायफलीचा भार डाव्या कोपरातून थेट कमरेच्या हाडावर उतरायला हवा, स्नायूंनी तो उचलायचा नाही. हाताची लांबी, कमरेची उंची, मानेची लांबी, प्रत्येकाची निराळी. डोकं जितकं ताठ राहील तितकं चांगलं. गाल स्टॉकवर नुसता टेकला पाहिजे, आणि दरवेळी त्याच जागी, तेवढ्याच दाबानं. डोकं पुढे झुकवून साइटमध्ये बघावं लागत असेल तर कानातला तोल सांभाळणारा अवयव कलतो, आणि शरीर डुलायला लागतं. मग मुलं अंग आवळून धरतात आणि आणखी थरथरतात. या मुलीची मान लांब. आधीच्या मालकिणीच्या मापावर लावलेलं चीक पीस तिला फार खाली होतं. ते वर घेतलं, साइटखाली उंचवटे बसवले, बट प्लेट खाली सरकवली, आणि डाव्या हाताखालचा आधार वाढवला. एवढं होईपर्यंत वडील शांत बसून होते. मग म्हणाले, "आलं ध्यानात. जू बैलाच्या खांद्याला बसाय पायजे, न्हाईतर बैल कितीबी ताकदीचा असू दे." मी या विषयावर इतकी व्याख्यानं दिली असतील, पण याहून नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही.

रायफल बसली की नाही याची खरी परीक्षा डोळे मिटून होते. पोझिशन घ्यायची, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे, अंग सैल सोडायचं आणि डोळे उघडायचे. साइट जिथे असेल तिथेच शरीराला रायफल धरायची आहे. ती लक्ष्याच्या बाजूला असेल तर हातानं ओढून आणायची नाही. पाय हलवायचे. आणि डोळे उघडल्यावर रायफल दर वेळी निराळ्या जागी सापडत असेल तर स्टॉक अजून बसलेला नाही.

वजनाविषयीही एक समजूत घट्ट आहे, जड म्हणजे स्थिर. पुरुषांच्या रायफलीला ८ किलोपर्यंत मुभा आहे, म्हणून मुलं बॅरलच्या टोकाला वजनं अडकवत सुटतात. बारीक अंगाच्या पोराच्या हातात ८ किलो गेले की तो तोल सांभाळायला पाठ मागे वाकवतो, आणि दोन हंगामांत कंबर धरते. मी वजन थोडं थोडं वाढवते, आणि तेही पाठीचे व्यायाम सुरू झाल्यावर. आधुनिक अ‍ॅल्युमिनियम स्टॉकमध्ये सगळं हलवता येतं, आणि तेच मला काळजीचं वाटतं. एक वाईट दिवस गेला की मुलं पाना घेऊन बसतात. मी प्रत्येक सांध्यावर रंगाची बारीक रेघ मारून ठेवते, वहीत तारखेसह माप लिहायला लावते, आणि स्पर्धेच्या आधी महिनाभर पाना माझ्याकडे असतो. काहींना हे जाचक वाटतं. वाटू दे.

वाऱ्याचा विषय निघाला की वेग विचारला जातो. जास्त वेगाची काडतुसं घेतली तर वारा कमी लागेल ना? पॉइंट टू टूमध्ये हे उलटं आहे. स्पर्धेची काडतुसं मुद्दाम सेकंदाला साधारण ३३० मीटरवर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या थोडी खाली ठेवलेली असतात. वारा गोळीला किती नेईल हे तिला लागलेल्या एकूण वेळेवर ठरत नाही. हवेच्या विरोधामुळे तिला जो उशीर होतो, त्यावर ते ठरतं. आवाजाचा वेग ओलांडला की तो विरोध एकदम चढतो. तरीही संथ चालीचा, सेकंदाला मीटरभराचा आडवा वारा पन्नास मीटरवर गोळीला ढोबळमानानं एक रिंग बाजूला नेतोच. म्हणून रेंजवर १० आणि ३० मीटरवर झेंडे लावलेले असतात. ते वाचण्याचं काम कुठलीच रायफल करून देत नाही.

तीनशे मीटरचा विचार करणारे फार थोडे येतात, आणि ते बहुधा फौजेतले असतात. सातारा जिल्ह्यातला एक जवान सुट्टीवर आला की आमच्या रेंजवर येतो. महूच्या रेंजवर त्यानं बिग बोअर मारलेलं आहे. एकदा त्यानं विचारलं, "ताई, तीनशेला रायफल निवडायची तर पन्नाससारखंच बघायचं का?" मी आधी त्याला लक्ष्य मोजायला लावलं. तीनशे मीटरला दहाची रिंग १०० मिलिमीटरची. पन्नास मीटरची रिंग सहापट केली तर ती ६२.४ भरते. म्हणजे तीनशेचा दहा कोनाच्या मापानं मोठाच आहे. अवघड असतो तो वारा, आणि दर गोळीला खांद्यावर बसणारा धक्का. म्हणून जगभर या प्रकारात ६ मिलिमीटर बीआरसारखं हलक्या धक्क्याचं काडतूस आवडतं झालं. त्याच्या साठाव्या गोळीलाही खांदा दचकत नाही. पण त्याची बॅरल पॉइंट टू टूसारखी वर्षानुवर्षं टिकत नाही. गरम गॅस काही हजार गोळ्यांतच चेंबरपुढचा भाग खाऊन टाकतो. तिथे रायफल घेतानाच पुढच्या बॅरलचे पैसे बाजूला ठेवावे लागतात. बाकी, अंगाला बसणं आणि चाळीस गोळ्यांचा कागद, हे दोन्ही तिथेही तसंच.

अगदी नव्या मुलांना मी अजून काहीच घेऊ देत नाही. वाढत्या वयात खांदे रुंदावतात, उंची वाढते, आज बसलेला स्टॉक वर्षानं बसत नाही. क्लबच्या रायफलीवर एक-दोन हंगाम काढावेत, मावळणकर स्पर्धा एकदा अनुभवावी. नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या नावानं ती चालते, आणि तिथे शेजारच्या लेनवर दहा प्रकारच्या रायफली आणि दहा प्रकारची शरीरं पाहायला मिळतात. खरेदीच्या आधीचं तेवढं शिक्षण कुठल्याही माहितीपत्रकातून मिळत नाही.

कागलच्या त्या मुलीचं स्टँडिंग पुढच्या हंगामात १९० कडे सरकलं. प्रोनमध्ये आता तिला नऊ आला की ती माझ्याकडे बघत नाही, झेंड्याकडे बघते. तिच्या लॉटची शेवटची पेटी मात्र आता उघडली आहे, आणि तो क्रमांक बाजारात कुठेच शिल्लक नाही. वडिलांनी परवा फोन करून विचारलं, कुठली गोळी आणू? मी सांगितलं, कुठल्याही दोन कंपन्यांच्या आणा, पण डब्यांवरचे लॉट क्रमांक निरनिराळे हवेत, आणि प्रत्येकाच्या दोन दोन डब्या. रविवारी पहाटे साडेपाचला रेंज उघडी असेल.